डाव्या सीटचा हक्कदार

१२ जानेवारी, रविवार

बॅटरी धरणाऱ्यांनो!

हो, तुम्हालाच म्हणतोय. दुसरा माणूस मोटारीखाली नाहीतर फ्यूजच्या पेटीत डोकं घालून काम करत असतो आणि तुम्ही त्याच्या खांद्यावरून उजेड धरून उभे असता. हात भरून येतो. 'इकडे धर', 'अबे तिकडे नाही' हे सगळं ऐकून घेता. काम फत्ते झालं की लोक पान्हा चालवणाऱ्याची पाठ थोपटतात. उजेड कोणी धरला होता, हे आजवर कोणी विचारलेलं नाही. आपली सभा कधी भरली नाही, कारण आपल्यातला प्रत्येक जण कुठेतरी एकटाच उभा असतो. म्हणून ती या वहीत भरवतो. अध्यक्ष मी, वक्ता मी, आणि तक्रारही माझीच.

सुधाकर रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर त्याने ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आपल्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये स्वतःच्या हाताने स्पोर्ट्स कार बांधायला घेतली. चेपलेल्या एका गाडीचं इंजिन, चौकोनी पाइपांची चौकट, ॲल्युमिनियमचे पत्रे. जमिनीपासून वीतभर उंच, आणि सीट दोनच. उजवी चालवणाऱ्याची, म्हणजे त्याची. डावी माझी. हे बोलून कधी ठरलं नाही. सहा वर्षं मी उजेड धरला, त्यातच ते आलं. आमच्या मुलांना हसू येतं. दोन म्हातारे आणि एक लाल गाडी! हसू द्या.

आज शेडमध्ये तिसरा माणूस आला. भैय्यालाल. गोल बाजारामागे त्याचं दुकान आहे, स्टीलचे कठडे आणि देवळांच्या छत्र्या बनवतो. गाडीचं बाकी सगळं झालंय, राहिला आहे तो धूर बाहेर नेणारा पाईप. अशा गाडीचा तो बाजारात मिळत नाही, इंजिनापासून शेवटच्या टोकापर्यंत तुकडा तुकडा जोडून बनवावा लागतो. स्टीलचा पातळ पाईप आणि आर्गन वेल्डिंग सुधाकरला जमत नाही. म्हणून हा.

मी त्याचं स्वागत केलं. म्हटलं, "भैय्यालाल, ज्या नळीतून सगळा आवाज बाहेर पडतो तिला सायलेन्सर म्हणणारा आपला देश आहे. शब्दांची ही दिवाळखोरी कुठून आली, सांगू?" आणि दहाएक मिनिटं सांगितलं.

तो म्हणाला, "हव."

हव म्हणजे हो. बस, एवढंच. सुधाकर पोट धरून हसला. "मास्तर, तुले पण एक सायलेन्सर बसवून देतो म्हणून राहिला तो."

त्याने असं काही म्हटलेलं नव्हतं.

१५ जानेवारी, बुधवार

हा माणूस टेप वापरत नाही. सुतळी वापरतो. इंजिनाच्या चार तोंडांतून चार नळ्या निघतात आणि पुढे एकीत मिळतात. चारींची लांबी सारखी हवी, नाहीतर आवाज फाटका येतो. म्हणून तो प्रत्येक वळणाच्या पोटातून सुतळी ओवतो, गाठ मारतो आणि चारही सुतळ्या खिळ्याला टांगून खालची टोकं बघतो. दोन सुतांचा, म्हणजे पाव इंचाचा, फरक निघाला. त्याने वेल्डिंगचे टाके तोडले आणि अख्खी नळी पुन्हा केली. चकार शब्द नाही.

सुधाकर त्या लटकणाऱ्या सुतळ्यांकडे असा बघत होता! गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळात विवेकावर बोललो तेव्हा पहिल्या रांगेत बसून हाच इसम मोबाइलवर बेअरिंगचे फोटो बघत होता.

घरी बायकोला, प्रेमलाला, सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं काम करून राहिला न तो? मग तुमच्या पोटात काहून दुखून राहिलं?"

मी तिला समजावलं की हा प्रश्न तत्त्वाचा आहे. हाताच्या कौशल्याचं मोल मी जाणतो, त्यावर वीस भाषणं दिली आहेत. पण मौन म्हणजे खोली, हा गैरसमज समाजाला घातक आहे. कित्येक माणसं गप्प असतात कारण त्यांच्याकडे बोलायला काही नसतं.

प्रेमला म्हणाली, "हव."

१९ जानेवारी, रविवार

पाईप बसला. इंजिनापासून निघून डाव्या सीटखालून थेट मागे. उजवीकडून पेट्रोलची रबरी नळी जाते, म्हणून धुराचा पाईप डावीकडून न्यायचा, हे आम्ही सहा वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. आम्ही म्हणजे सुधाकर आणि मी. पाठकोऱ्या कागदावर त्याने रेघा ओढल्या आणि मी 'डावीकडून' असं लिहिलं. तो कागद माझ्याकडे आहे.

एक किरकोळ गोष्ट. उभ्याउभ्या माझा पाय पाईपच्या नुकत्याच कापलेल्या गरम तुकड्यावर पडला होता. मला कळलंच नाही. जळका वास आला तेव्हा भैय्यालालने मला ओढून बाजूला केलं. डाव्या चपलेचा तळ वितळून पायाला चिकटलेला. मी म्हटलं, "आमची कातडी निवडणुकांच्या सभांनी जाड झाली आहे." दोघांपैकी कोणी हसलं नाही. सुधाकर खाली बसून माझा पाय हातात धरून बघत राहिला. मग त्याने भैय्यालालकडे बघितलं. त्या बघण्यात एक बोलणं झालं, आणि त्यात मी नव्हतो.

तीस वर्षांची मैत्री. अमरावतीहून इकडे छत्तीसगढातल्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला आलो तेव्हा या गावात ओळखीचा हाच एक निघाला. आणि सात दिवसांत डोळ्यांची भाषा दुसऱ्याशी!

निघताना विचारलं, "उद्या येऊ?"

सुधाकर म्हणाला, "हव."

मला म्हणाला. मला!

२३ जानेवारी, गुरुवार

आज गेलो तर डाव्या सीटखालचा पाईप कापून भिंतीला टेकवून ठेवलेला. चांगला, झळझळीत, चार दिवसांपूर्वी बसवलेला पाईप! इंजिनाखालून वळवून आता तो उजवीकडून न्यायचा म्हणे. सुधाकरच्या स्वतःच्या सीटखालून. मी विचारलं, काहून? सुधाकर म्हणाला, "असंच बे. जमते ते."

असंच! सहा वर्षांपूर्वीचा ठराव 'असंच' मोडीत निघतो. लोकशाहीत दुरुस्तीसुद्धा चर्चेनंतर होते.

आणि ऐका, बॅटरी धरणाऱ्यांनो. मी शेडच्या दाराशी पोचण्याआधी टिनाआडून त्यांचं बोलणं ऐकलं. सुधाकर कारखान्यात चाळीस वर्षं छत्तीसगढी मजुरांबरोबर राहिला, त्याला ती बोली येते. मला नाही येत. मी वाचनाचा माणूस, आणि त्या बोलीतलं वाचायला माझ्या हाती फारसं आलं नाही. पण कान शाबूत आहेत. भैय्यालाल म्हणाला, "गुरुजी के डेरी गोड़..." मग ग्राइंडरचा आवाज. मग सुधाकर म्हणाला, "जेवनी डहर..." पुन्हा ग्राइंडर. मी आत शिरताच दोघं चिडीचूप.

डेरी. गोड. जेवणी. आता यात न कळण्यासारखं काय आहे? गाडी झाली की जेवण ठेवणार आहेत, डेरीवरून गोडधोड आणणार आहेत, आणि गुरुजींना साखर आहे म्हणून गुरुजींना वगळायचं. सोय बघा! जो माणूस अकरा दिवस आला तो यजमान, आणि ज्याने सहा वर्षं उजेड धरला त्याची साखर तपासा.

दोन तास उजेड धरला आणि घरी आलो.

२६ जानेवारी, रविवार

मंडळात झेंडावंदन. माझं सलग एकविसावं भाषण. विषय होता कृतज्ञता. असा बोललो की शारदाकाकू डोळे पुसत होत्या. पहिल्या रांगेतली सुधाकरची कोपऱ्यातली खुर्ची रिकामी. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

नंतर फोन केला तर म्हणतो, "अबे, शेवटचा बेंड जोडून राहिलो होतो. आर्गनची टाकी संपत आली होती. भाषण तं तुझं पाठ आहे मले."

पाठ आहे! त्याच्या त्या बेंडाबद्दल मी कधी म्हटलं का, की पाठ आहे?

प्रेमला म्हणते, सुधाकरभाऊंचा परवा तिला फोन आला होता. माझी साखर किती, पायांची तपासणी कधी झाली, डाव्या पायाला किती कळते, असं विचारत होते. बघा! मेनू ठरवण्याआधी पथ्याची खात्री करून घेताहेत. मी तिला म्हटलं, पुन्हा फोन आला तर सांग, गुरुजी ठणठणीत आहेत आणि गुरुजी कोणाच्या पंगतीचे भुकेले नाहीत.

"कोणती पंगत?" ती म्हणाली.

२९ जानेवारी, बुधवार

आज इंजिन सुरू झालं.

खोटं लिहिणार नाही. आवाज चांगला आहे. खालच्या सुरात सुरू होतो, चढतो, आणि कुठेही फाटत नाही. सगळ्या जन्मात एक शब्द बोलणाऱ्या माणसाने तो घडवला आहे. मी ते ऐकत, सुधाकरचा खुललेला चेहरा बघत उभा होतो आणि मला वाटत होतं, एवढ्या सभा घेतल्या, माझा आवाज ऐकताना कोणाचा चेहरा असा कधी झाला होता का?

मग जोडांतून धूर गळतो का हे बघायचं होतं. सुधाकर आडवा होऊन गाडीखाली, भैय्यालाल साबणाचं पाणी घेऊन पलीकडे, मी नेहमीच्या जागी, गुडघ्यावर, बॅटरी धरून. आता नीट लिहितो. पाईप उजवीकडून न्यायचा म्हणून त्यांनी पेट्रोलची रबरी नळी वर उचलून चौकटीला क्लिपांनी बांधली होती. मधली एक क्लिप निसटलेली. नळी तिथे पोट सोडून खाली आलेली, धुराच्या पाईपपासून जेमतेम एक बोट. माझ्या कोनातून ती दिसत होती. त्या दोघांच्या कोनातून नाही.

मी म्हणालो, "सुधाकर, इथे एक..."

तो म्हणाला, "मास्तर, दोन मिनिटं गप बस न बे! लीक ऐकू दे."

भैय्यालाल हसला. म्हणजे, मला वाटतं हसला.

बसलो गप्प.

गप्प बस म्हणालात ना? वक्त्याला गप्प बसवलंत ना? मग आता माझ्या तोंडून शब्द निघणार नाही. क्लिप काय, पेट्रोल काय, हे बघायला कारागीर समर्थ आहे. सुतळीने दोन सुतांचा फरक ओळखतो, त्याला एवढी नळी दिसू नये? दिसेलच. आणि नाही दिसली तर थोडा वास येईल, रबर जळेल, आणि सुधाकरला कळेल की कोणाच्या हाती काम दिलं. माणसाला शिकवण्यासाठी कधीकधी दूर व्हावं लागतं.

बॅटरी माझी आहे. गोल बाजारातून मीच घेतली होती. घरी घेऊन आलो आणि दारामागच्या खिळ्याला टांगली. आता धरा उजेड.

३० जानेवारी, गुरुवार

गेलो नाही. सुधाकरचा फोन आला. उचलला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी स्वतःच आला. चहा घेतला. म्हणाला, "उद्या सकाळी आठला पहिली फेरी. गल्लीतून मैदानापर्यंत आणि वापस. तू ये."

मी म्हटलं, "डावीकडे कोण बसणार?"

बशीतला चहा फुंकत राहिला. मग म्हणाला, "पहिल्या फेरीले भैय्यालाल बसते. तुले मी दुसरीले बसवतो. सांगतो न मागून."

मागून. सगळं मागून. माझ्या घरात, माझ्या कपातला चहा पिऊन या माणसाने माझी सीट दुसऱ्याला दिली.

मी शांतपणे म्हटलं, "शुभेच्छा."

तो दाराशी थबकला. "रामकृष्णा, काही झालं का?" तीस वर्षांत दोनदा त्याने मला नावाने हाक मारली आहे. एकदा माझे वडील गेले तेव्हा.

नळीचं सांगायचं जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "काही नाही." त्याच्या मागे, दारामागे, बॅटरी लटकत होती.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळचं आधी लिहितो.

साडेसातला चहा. प्रेमला म्हणाली, "जाऊन नाही राहिले का? आज फेरी आहे न?" मग माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. भैय्यालाल, सीट, कापलेला पाईप, आणि ती चोरून ठरवलेली पंगत. डेरी, गोड, जेवणी, शब्द न शब्द.

ती माझ्याकडे बघत राहिली. ही बाई तीस वर्षं दारावरच्या भाजीवालीशी तिच्या बोलीत भांडते आहे.

"काय म्हणाला तो? नीट सांगा."

"गुरुजी के डेरी गोड़."

"अहो, डेरी म्हणजे डावा! गोड़ म्हणजे पाय! गुरुजींचा डावा पाय. आणि जेवनी म्हणजे उजवीकडे." तिला हसू आलं होतं, ते मधेच विरलं. "तुमच्या डाव्या पायाले काही कळत नाही. चप्पल जळली तं कळली नाही. म्हणून पाईप तुमच्या पायाखालून काढला असन त्यांनी. म्हणून भाऊ मले फोनवर विचारून राहिले होते."

मी उठलो. पाईप उजवीकडे. उजवीकडे पेट्रोल. सुधाकरच्या सीटखाली. माझ्यासाठी.

घड्याळात आठला दहा कमी. प्रेमला फोन लावत राहिली. इंजिन सुरू असलं की त्याला फोन ऐकू येत नाही, हे मला ठाऊक होतं. दार उघडताना हात सवयीने खिळ्याकडे गेला. बॅटरी घेऊन मी धावलो. चौसष्टव्या वर्षी, एका पायात चप्पल. दुसरी कुठे गेली ते कळलं नाही. डावीच असणार.

दोन गल्ल्या. आवाज पहिल्या वळणावरूनच ऐकू येत होता. फाटक उघडं, लाल गाडी अर्धी बाहेर, सुधाकर उजवीकडे, भैय्यालाल डावीकडे वाकून उघडा तळवा सीटखालच्या पत्र्यावर दाबून बसलेला. माझ्या जागी बसून तो माझ्या पायाला आच लागेल का ते बघत होता.

मी ओरडलो, "बंद कर!" माइकशिवाय मैदानं गाजवली आहेत मी. सुधाकरने हसून हात हलवला. त्याला वाटलं, मी शुभेच्छा देतोय. पुन्हा ओरडलो. गाडीच्या आवाजापुढे माझा आवाज मलाही ऐकू आला नाही.

मग मी तेच केलं जे मला येतं. गाडीच्या उजव्या बाजूला जमिनीवर गुडघे टेकले आणि चौकटीखाली उजेड धरला. सकाळच्या लख्ख उन्हात एक म्हातारा बॅटरी लावून बसलेला. सुधाकर बघतच राहिला. पण भैय्यालालने बघितलं आणि प्रश्न विचारला नाही. तो खाली उतरला, वळसा घालून आला, उजेड जिथे होता तिथे वाकला, आणि पुढच्या क्षणी सुधाकरच्या हातावरून हात घालून किल्ली फिरवली.

शांतता झाली. रबरी नळी पाईपला टेकली होती. चकाकी येऊन ती मऊ पडली होती आणि धुराचा एक बारीक दोरा वर चालला होता. भैय्यालालने फडक्यात धरून ती वर उचलली.

"हव," तो म्हणाला. आज त्या शब्दात काय काय होतं ते मी सांगू शकणार नाही.

सुधाकर उतरून जमिनीवर बसला. मग मला धरून हलवायला लागला. "मास्तर, अबे, दोन मिनिटं अजून... तुले कसं दिसलं बे? आम्ही चार दिवस त्याच्याखाली लोळून राहिलो!"

मी म्हटलं, "सवय."

भैय्यालालने माझा हात धरून डाव्या सीटखालच्या पत्र्यावर ठेवला. "देखव गुरुजी, ठंडा हे." पत्रा थंडगार होता.

गल्लीतली मंडळी जमली. सुधाकर प्रत्येकाला सांगत होता, आज मास्तरने वाचवलं, उजेड धरावा तं असा धरावा. सहा वर्षं मी ज्या शब्दांची वाट बघितली ते सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हटले गेले. मी खाली माझ्या एका चपलेकडे बघत होतो.

तो म्हणाला, "नव्या क्लिपा बसवतो. संध्याकाळी पाचले ये. डावी सीट तुझी. आता काही ऐकत नाही."

आता साडेचार झाले आहेत. शेडकडून इंजिनाचा आवाज येतोय. तो मला बोलावतोय हे सगळ्या मोहल्ल्याला कळतंय. प्रेमलाने दुसरी चप्पल शोधून दाराशी ठेवली आहे.

बॅटरी धरणाऱ्यांनो, सभा संपवतो. पहिल्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं की उजेड धरणाऱ्याला कोणी विचारत नाही. ती तक्रार खरी आहे, मागे घेत नाही. पण आज मला विचारलं गेलं. तुले कसं दिसलं, असं विचारलं. आणि मी खोटं बोललो. मला ती नळी बुधवारी दिसली होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. चार दिवस मी उजेड खिळ्याला टांगून वासाची वाट बघत होतो. हे ऐकल्यावर तो मला डावीकडे बसवेल का, मला माहीत नाही. न सांगता बसलो तर त्या थंड पत्र्यावर माझ्या दोन्ही पायांना चटका बसेल, ज्याला कळतं त्यालाही आणि ज्याला कळत नाही त्यालाही.

भाषण नको. भाषण त्याला पाठ आहे. रामकृष्णा, ऊठ. चप्पल घाल, ही वही घे, बुधवारचं पान उघड आणि सीटवर बसण्याआधी सुधाकरच्या हातात दे.

उजेड मी धरतो, म्हणावं. तू वाच.